गुडघ्याच्या पुढचं

आबा, कित्येक महिने माझा एक लोखंडी रॉड गुडघ्यापाशी अडकून बसला होता, आणि ते सांगावं असं जिवंत माणसांत कुणी सापडलं नाही म्हणून तुम्हाला लिहितोय. जिवंत माणसांना काही सांगितलं की ती उपाय सांगतात. हे पत्र कुठं पोचणार नाही याची मला कल्पना आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होतो. आता पन्नाशी ओलांडली, डोक्यावर तुमच्याइतकंच टक्कल आहे, आणि आठवड्यातून एकदा वर्तमानपत्रात लोकांना टोचून मी पोट भरतो. लोक रागावत नाहीत, हसतात. त्यामुळं पोट भरतं पण समाधान होत नाही. सांगलीत फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर. तुमची सून बँकेच्या बदलीवर साताऱ्याला असते आणि शनिवारी येते. बाकी दिवस घरात मी आणि आई. आई अजून आहे, आबा. तिच्यासाठीच तर हे सगळं.

मी जिमला जातो. तुम्ही याला तालीम म्हणाला असता, पण तालमीत माती असते आणि इथं चारी बाजूंनी आरसे आहेत. तिथली पोरं एकदा वजन उचलतात आणि चारदा स्वतःकडं बघतात. गाणं इतक्या मोठ्यांदा लावतात की तुमच्या गिरणीचं इंजिन त्यापुढं देवळातली घंटी वाटावं. मी गेलो की एखादा पोरगा आवाज थोडा कमी करतो. म्हाताऱ्यांसाठी एवढा मान अजून शिल्लक आहे. मी तिथं करतो त्या प्रकाराला डेडलिफ्ट म्हणतात. जमिनीवर एक रॉड, दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या, वाकून धरायचं आणि सरळ उभं राहायचं. एवढंच. एवढ्यासाठी लोक महिन्याचे पैसे भरतात हे ऐकून तुम्ही दिवसभर हसला असता, आणि संध्याकाळी गिरणीच्या दारात पाटी लावली असती की इथं पोती उचलून मिळतील, फी आगाऊ.

पण मी हौसेनं गेलो नव्हतो. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आई बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, नुसती बसली ती बसली. मी धावत गेलो, बगलेत हात घातले, ओढलं. ती थोडी उचलली गेली आणि माझ्या हातातून परत खाली गेली. दुसऱ्यांदा तेच. ओल्या फरशीवर माझेच पाय सरकत होते, आणि ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं. तुला न्हाई झेपायचं. खालच्या वॉचमनला बोलीव." वॉचमन आला, वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आले. माणसं भली होती. अंगावर नीट लुगडं नसलेल्या माझ्या आईला त्यांनी धरून उठवलं तेव्हा तिनं तोंड भिंतीकडं केलं होतं. तुम्हाला आठवत असेल, ही बाई गिरणीत दळण द्यायला आलेल्या पुरुषासमोर डोईवरचा पदर ढळू देत नसे.

त्यानंतर ती पाणी पिईना. आधी माझ्या लक्षात आलं नाही. तांब्या भरून ठेवावा तर संध्याकाळी तसाच. विचारलं तर म्हणायची तहान नाही. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालंय. मी घरी येऊन ओरडलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "प्यालं की जावं लागतंय. गेलं की पडाय हुतंय. आन पडलं की वॉचमन." कामाला बाई ठेवतो म्हटलं तर, परक्या हाताखाली जायच्या आधी देवानं न्यावं, म्हणाली. मी लोकांच्या अब्रूवर लेख लिहिणारा माणूस. माझ्या घरात अब्रूची किंमत एक पेला पाणी अशी ठरली होती.

म्हणून जिम. तिथला शिकवणारा तासगावकडचा, पूर्वी कुस्त्या करायचा, कान अजून तसेच मोडलेले. त्याला मी सरळ विचारलं की आईला जमिनीवरून एकट्यानं उचलायचं तर किती उचलता यायला हवं. त्यानं हसू दाबलं नाही, कारण त्याला हसूच आलं नाही. म्हणाला, काका, माणसाला धरायला कडी नसते, माणूस कुठूनही निसटतो. आईच्या वजनाच्या दीडपट धरा. नव्वद किलो. पहिले काही महिने बरे गेले. चकत्या वाढत गेल्या, माझ्या पाठीत कधी नव्हे ती ताकद आली. पंच्याऐंशीपर्यंत पोचलो. आणि नव्वदला रॉड जमिनीवरून सुटायचा, नडगीला घासत वर यायचा, आणि गुडघ्यापाशी आला की थांबायचा. तिथून जणू खालून कुणी धरल्यासारखा. आणि मी त्याला परत खाली ठेवायचो.

प्रत्येक वेळी मला तुमची गिरणी आठवायची. उंब्रजच्या त्या हमरस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, आत पट्ट्याचा फटफट आवाज, आणि तुमच्या भुवयांवर साचलेलं पीठ. रांगेत डबे घेऊन बसलेल्या बायका. शेतकऱ्यानं बैलगाडीतून आणलेलं शाळूचं पोतं तुम्ही एकटे उचलायचात. वाकून पोत्याच्या कोपऱ्यांचे कान धरायचात, आणि "बजरंगऽऽ" अशी आरोळी यायची, की पोतं छातीशी. इंजिनाच्या आवाजावर ती आरोळी उठायची. बाहेर खेळणारी आम्ही पोरं ऐकून सांगायचो की आबांनी पोतं उचललं. मी दहावीत होतो तेव्हा एका बाजारादिवशी तुम्ही दमला होता म्हणून मी पुढं झालो. मीही कान धरले, मीही बजरंग म्हणून ओरडलो, आणि पोतं गुडघ्यापाशी येऊन थांबलं. सगळ्या बायका बघत होत्या. तुम्ही मदतीला आला नाहीत. चहा संपवलात आणि म्हणालात, "गुडघ्यापातूर कुनीबी आणतंय रं. उचलणं म्हंजे त्येच्या फुडचं." पुढच्या आठवड्यात कराडहून येताना माझ्यासाठी शाईचं पेन आणलंत आणि माझ्या खिशाला लावून म्हणालात, "हे झेपतंय का बघ." आबा, तेवढं झेपलं. पण त्या टोमण्याच्या जोरावर मी तीस वर्षं लेख लिहीत आलोय, आणि अजून एकही लेख मला गुडघ्याच्या पुढं गेल्यासारखा वाटलेला नाही.

शिकवणाऱ्यानं सगळे उपाय केले. वजन उतरवलं आणि पुन्हा हळूहळू चढवलं. रॉड ठोकळ्यांवर ठेवून नुसतं गुडघ्यापासून वर उचलायला लावलं, ते जमायचं. म्हणाला जास्त खा, खाल्लं. म्हणाला जास्त झोपा. ते वयाच्या हातात असतं. कमरेला चामड्याचा रुंद पट्टा बांधला, त्यात मी बैलगाडीच्या जुवाला जुंपल्यासारखा दिसायचो. शनिवारचा उपास सोडायला सांगितलं, तर आईनं उपास सोडण्याऐवजी जिम सोड म्हणून सांगितलं. काही होईना. शेवटी एके दिवशी त्यानं मोबाईलवर माझं चित्रीकरण केलं आणि कोपऱ्यात नेऊन दाखवलं. आरशात रोज बघूनही जे दिसलं नव्हतं ते त्यात दिसलं. माझं पोट हवेनं भरलेलं असतं, पाठ सरळ असते, रॉड वर येतो. गुडघ्यापाशी आला की मी तोंड उघडतो आणि ओरडतो. आणि त्याच क्षणी पाठ वाकते.

"काका, तुमी मधीच वरडताय," तो म्हणाला. "दम सगळा तिथंच जातोय. देवाचं नाव खाली घ्या, न्हाईतर वर गेल्यावर घ्या. मधी नको."

मी त्याच्याशी भांडलो. म्हटलं, माझे वडील असेच उचलायचे. तो म्हणाला, असतील. एवढंच. घरी येऊन आईला विचारलं. ती लसूण सोलत होती. मी म्हटलं, आबा पोतं उचलताना ओरडायचे ना? व्हय, म्हणाली, वरडायचे. कधी ओरडायचे, उचलताना की आधी? तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू विचारतेय की एवढी वर्षं त्या घरात कोण राहत होतं. म्हणाली, आधीच की. पट्ट्याजवळ पोरं-सोरं, बायका उभ्या असायच्या, त्या बाजूला व्हाव्यात म्हणून. एकदा वरडायचे, सगळी सरली की मग गप उचलायचे. तोंड मिटून. नाक लाल व्हायचं निसतं.

म्हणजे मी ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. आम्ही पोरं शेडबाहेर. आरोळी ऐकली आणि आत गेलो तोवर पोतं छातीशी. मधलं सगळं आम्हीच जुळवलं. गावातली सगळी पोरं तशीच ओरडून पोती उचलायला शिकली, आणि गावातल्या सगळ्या पोरांची पोती गुडघ्यापाशी थांबली असणार. मला राग आला नाही. पण ते ऐकल्यावर माझ्याकडं तुमचं जे एक होतं तेही गेल्यासारखं वाटलं. तुमचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, आबा. फोटोतला आठवतो, तो तुमच्यासारखा नाही. आवाज तेवढा राहिला होता, आणि तो मी रोज सकाळी नव्वद किलोखाली उभा राहून काढत होतो. तो सोडायचा तर कशाच्या जिवावर उचलायचं?

सोडला. वाकायचं, पोटात हवा भरायची, ओठ आवळायचे. पहिले काही आठवडे गुडघ्यापाशी आलं की तोंड आपोआप उघडायचं. शिकवणारा समोर उभा राहून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायचा, शाळेतल्या बाईंसारखं. मग श्रावणातल्या एका मंगळवारी रॉड गुडघ्यापाशी आला, आणि मी गप्प होतो, आणि तो पुढं गेला. मी सरळ उभा राहिलो. नव्वद किलो हातात. शिकवणारा टाळ्या वाजवत होता, गाणं चालू होतं, पोरं आरशात बघत होती. मला वाटलं होतं त्या क्षणी काहीतरी होईल. काही झालं नाही. इतकी शांतता मी तुम्हाला तिरडीवर बांधलं तेव्हाच ऐकली होती. तेव्हाही, आबा, उचलताना माझी बाजू गुडघ्यापाशी अडली होती आणि पुढच्या काकांनी जोर लावला होता. हे मी कुणाला बोललेलो नाही. बोलण्यासारखं ते नाहीच.

परवा आई पुन्हा पडली. या वेळी स्वयंपाकघरात. दूध उतू जातंय असं वाटलं म्हणून उठली. ओट्याला टेकून खाली बसली होती, आणि मी दिसताच म्हणाली, "वॉचमनला बोलवू नगंस." मी म्हटलं, नाही बोलवत. गॅस बंद केला. तिच्यासमोर बसलो, सांगितल्याप्रमाणे पाय रोवले, तिचे हात माझ्या गळ्यात घेतले, कमरेमागं हात बांधले. पोटात हवा भरली. ओठ आवळले. नव्वद किलोची तयारी केली आणि उठलो.

आबा, ती कापसासारखी वर आली. मी जवळजवळ मागं कोलमडलो. एवढा जोर मी लावला होता आणि हातात काहीच नव्हतं. लुगडं होतं, हाडं होती, आणि शिकेकाईचा वास. वर्षभर मी चकत्या मोजत होतो. रॉड कुठं अडतो ते मला बोटाबोटानं माहीत होतं. तिच्या ताटात भाकरी अर्धी, मग चतकोर झाली ते मला ताट उचलताना रोज दिसत होतं, आणि मी ते ताट घासायला टाकत होतो. मी वर चढत होतो तसतशी ती खाली उतरत गेली. दीडपटीचा हिशेब केव्हाच मोडला होता. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्यात जेवढी ताकद होती तेवढीतही ती आता उचलली गेली असती.

तिला खुर्चीवर बसवायच्या आधी, अजून ती माझ्या गळ्यात असताना, तिनं कानाशी विचारलं, "लय जड झाले का रं?"

आणि मी ओरडलो. "बजरंगऽऽ." तुमच्यासारखं, पोटातून, गिरणीच्या आवाजावर जाईल असं. धापा टाकल्या. कपाळ पुसलं, कोरडं होतं तरी. तिला खुर्चीवर ठेवताना कमरेला हात लावून कण्हलोसुद्धा. ती माझ्याकडं बघत राहिली. मग पदर सावरला, नीट डोईवर घेतला, आणि म्हणाली, "पाणी दे." एक पेला प्यायली. मग तांब्यातलं अजून थोडं.

शिकवणारा आता शंभरवर जाऊ म्हणतो. मी त्याला चकत्या उतरवायला सांगितल्या. त्याला वाटतं मी घाबरलो. त्याला सांगता येत नाही की मला आता हलकं उचलायला शिकायचंय, हिसका न देता. आईलाही सांगता येत नाही की तिच्यात आता वजन उरलेलं नाही. रोज सकाळी तिला पलंगावरून उठवतो तेव्हा एकदा ओरडतो, आणि ती पाणी पिते. तेवढ्यासाठी मी तुमचा आवाज वापरतोय, आबा. ती अगदीच हलकी झालीय, आणि ओरडताना मला दमसुद्धा लागत नाही.