तुझ्या सुनेचे निवडुंग

माय, तुझी सून अजून धडधाकट आहे, अन् तिचे निवडुंगही. अकोल्याच्या तुझ्याच घराच्या गच्चीवर तिनं दोनशेक कुंड्या मांडल्या आहेत म्हणे. म्हणे, कारण मी तिथं गेली तरी जिना चढत नाही. गुडघे दुखतात असं सांगते. गुडघे माझे ठणठणीत आहेत.

तू नर्सरीत कामाले होती तेव्हाचं मले सगळं आठवते. हिरव्या दांड्याचा शेंडा ब्लेडनं कापायची, त्यावर लाल निवडुंगाचा गोळा बसवायची अन् रबर लावून आवळायची. पंधरा दिवसांत दोघांचं एक झाड. चौथीतून शाळा सुटली तशी मी तुझ्यासोबत यायले लागली. एक दिवस हट्टानं ब्लेड मागितलं. मी बसवलेला गोळा काळा पडून मेला, अन् तू साऱ्या बायांसमोर म्हणाली, "तुहा हात जड हाये. तू बादली धर." मी धरली. सहा वर्षं धरली. मग दादाचं लग्न झालं, नवी सून तुझ्यामागं नर्सरीत आली, अन् महिन्याभरात ब्लेड तिच्या हातात. तिले तू शिकवत होती, "फुलावर भुलू नको, बुड दाबून पाह्य. नरम लागलं का ठेवून दे. सरळसोट वाढलेलं सारेच नेतात. तू वाकडं, सावकाश वाढलेलं उचल." तिच्याशी बोलताना तुझा आवाजच वेगळा व्हायचा. मी ऐकून राहिली होती, माय. बाजूलेच उभी होती.

आता माझी नात. आम्ही अमरावतीले राजापेठेत राहतो, पोट्टी कॉलेजात जाते, अन् तिलेही हेच वेड लागलं. गुलाब नको, शेवंती नको. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा निवडुंग पाहिजे, मेंदूसारख्या वळ्यांचा पाहिजे, म्हाताऱ्याच्या डोक्यासारखा पांढऱ्या केसांचा पाहिजे. मी म्हटलं, "चाल, मी निवडून देते." तर म्हणते, "आजी, तुले काय समजते त्यातलं? मी अकोल्याच्या आजीले विचारतो." अकोल्याची आजी! ती कुठली आजी? आजी मी. दोन दिवसांनी अकोल्याहून परत आली अन् मी पोळ्या लाटत होती तिथं येऊन मले शिकवते, "फुलावर भुलू नको आजी, बुड दाबून पाह्य." मी म्हटलं, "हे तिचं नव्हे, माह्या मायचं बोलणं हाये." "असन," म्हणाली, अन् मोबाइलमधले फोटो दाखवायले लागली.

सोबत तिनं एक दगडी झाड आणलं होतं. दोनच जाड पानं, हुबेहूब नदीतले गोटे, मधे एक चीर. तुझ्या सुनेनं, म्हणजे वहिनीनं, स्वतः निवडून दिलेलं. मग पोट्टी आठ दिवस नांदगाव खंडेश्वरले मावशीकडं लग्नाले गेली. जाताना बजावलं, "सुरकुतलं तरी पाणी टाकू नको बरं, आजी." परत आली तर झाडाचा चिखल. मी म्हटलं, "सुकून राहिलं होतं, मले दया आली." एवढी वीस वर्षांची घोडी, पण रडली. रडतच तिनं वहिनीले फोन लावला, स्पीकरवर. वाटलं, आता वहिनी माझा उद्धार करते. पण ती हसली. "आजीवर रागावू नको, पोरी. शिकताना माह्या हातचे तीन मेले होते. सासूबाईनं मातीत दाबून टाकले, कोणाले सांगतलं नाही. रविवारी ये, दुसरं देतो."

तीन, माय! तिचे तीन मेले तर तू गुपचूप मातीत दाबले, अन् पोटच्या पोरीचा एक मेला तर बायांसमोर बोलली. जन्मभर मी या हाताले घाबरली. अंगणातली तुळससुद्धा नवऱ्याकडून लावून घेतली. काऊन केलं तू असं? ती दुसऱ्याची लेक होती, रुसून माहेरी जाईल म्हणून? मी कुठं जाणार होती, हेच ना? तू असती तर हे ऐकून पदर खोचून कामाले लागली असती.

नातीच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहून राहिली. तिच्या हाती लागायच्या आधी फाडून टाकीन, तुले तर कुठं पाठवायचं? पण एक लिहूनच टाकते. दया-बिया काही आली नव्हती. नर्सरीच्या मालकानं एकदा असलीच दगडी झाडं आणली होती, तेव्हा तू सुनेले सांगत होती, की जुनी पानं सुरकुततात तेव्हा आत नवी येत असतात, अन् त्या वेळी पाणी दिलं का झाड सडते. ते मी विसरली नव्हती. तीन दिवस रोज सकाळी पेलाभर पाणी टाकलं. चौथ्या दिवशी चिरेतून नवं पान दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं. मग माती सुकावी म्हणून कुंडी उचलून टेबलफॅनपुढं ठेवली अन् न जेवता दुपारभर तिथंच बसली.