स्कूटरच्या ट्यूबची खुर्ची

बाबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात, इथे परदेशात, श्रूजबरीत, शेजारच्या काकूंच्या घरी तुमची खुर्ची सापडली. म्हणजे खुर्ची त्यांचीच, पन्नासच्या दशकातली, इटलीची, त्यांच्या यजमानांनी हौसेनं घेतलेली. ते गेले, आणि पाठोपाठ सीटही खाली बसली. काकू म्हणाल्या, "रिपेअरवाला म्हणतो फेकून द्या. मला नाही गं डिस्पोज करवत." मी ती उलटी केली, खालचं कापड उसवलं आणि बघतच राहिले. आत एकही स्प्रिंग नाही! चौकटीवर ताणून ठोकलेल्या रबरी पट्ट्या आणि वर फोम. यजमान सांगायचे म्हणे, तिकडे टायर करणाऱ्या कंपनीनंच हे काढलं. मग सीट, पाठ, हात वेगवेगळे मढवायचे आणि शेवटी बोल्टनं जोडायचे. तुम्ही ऐकलं असतंत तर तोंडात धरलेले खिळे काढून आधी पोटभर हसला असतात.

कारण तुम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. नागपूरच्या त्या पत्र्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या सोफ्यांत काथ्या भरून झाल्यावर तुम्ही स्कूटरच्या जुन्या ट्यूबा कापून घरासाठी खुर्ची केलीत. तुम्ही दारात उभे आहात, शर्टाला रबराचा वास येतोय. "बस, बस! सांग, कुठं टोचतंय का?" टोचत नव्हतं. इतकी मऊ खुर्ची आपल्याकडे कधीच नव्हती. पण माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी येणार होत्या, आणि मी दीडशहाणी म्हणाले, "बाबा, पंक्चरवाल्याचं भंगार हॉलमध्ये नको." खुर्ची दुकानात नेलीत आणि शेजारून दोन लोखंडी खुर्च्या मागून आणल्यात.

नव्या पट्ट्या मागवल्या होत्या, त्या या शनिवारी ठोकल्या. किती ताणायच्या ते तुमच्यासारखंच अंगठ्यानं दाबून पाहिलं. हात आपोआप चालत होते आणि मला तुमची फार, फार आठवण येत होती. काकू खुर्चीत बसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "किती परफेक्ट केलंस! कुठं शिकलीस गं?"

तुमचं नाव घ्यायला याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती? मी म्हणाले, "इंटरनेटवर बघितलं, काकू."

हे पत्र कुठंच जाणार नाही, ते मला कळतं. काकूंचं घर दोन दारं पलीकडे आहे. तिकडे जायचं सोडून मी इथं तुम्हालाच लिहीत बसले आहे.