आम्ही बेरीला चाललोय

३ जून, मंगळवार

नदीननं बोलून टाकलं! तोंडात बटाटा असताना, मोठ्यानं, आणि खिडकी सताड उघडी! "आई, जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी रजा काढून येते. बोट काढू, मामांच्या खाडीत जाऊ, सॅमन आणू. पन्नास तरी हवेतच!"

काय शिल्लक ठेवलं पोरीनं? महिना सांगितला, जागा सांगितली, माशाचं नाव घेतलं, वर आकडाही! माझ्या आईनं उभ्या जन्मात असलं वाक्य उच्चारलं नाही. "जरा तिकडे चक्कर टाकून येते," एवढंच म्हणायची, आणि आम्ही मुकाट्यानं सुऱ्यांना धार लावायला बसायचो. मासे ऐकतात. शेंबड्या पोरालाही हे कळतं. आपण यायच्या आधीच कोणी आपल्या नावानं फुशारक्या मारत असेल तर आपण तरी जाऊ का त्याच्या दारात?

एलवूडनं चमचा खाली ठेवला. "नको," म्हणाला, आणि खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसला. आमच्याकडे पाठ.

नदीन म्हणते, "बाबा, मी काय एवढं वाईट बोलले?" बत्तीस वर्षांची घोडी! जुनो शहरात राहून जीभ सैल सुटलीय. उद्या सकाळच्या फेरीबोटीनं जाईल. रुसून झोपलीय.

४ जून, बुधवार

वन्संकडे गेले. वेस्टा वन्सं म्हणजे एलवूडची थोरली बहीण. गावात कुणाचं काही चुकलं की पहिली धाव तिच्या दारात. मी सांगितलं तसं तिनं कपाळाला हात लावला. "पोरीला शहरानं तोंड दिलं, लगाम द्यायला विसरलं."

आधी चुलीत सुक्या माशाचा तुकडा टाकला, तिच्या आणि एलवूडच्या वारलेल्या मामांच्या नावानं. खाडी त्यांच्या घराण्याची, त्यांना आधी जेवू घालायला नको? मग मला म्हणाली, "आता उलटं बोला. घरात बोला, दुकानात बोला, धक्क्यावर बोला. झुडपातल्या बेरी तोडायला, बेरीला चाललोय म्हणा. रोज म्हणा. पोरगी आपली बरळली असं वाटलं पाहिजे त्यांना."

मी म्हटलं, "आणि वन्सं, एलवूड येईल का हो—"

"तोंड आवर, सेलिना! आता तूसुद्धा?"

म्हणून इथे लिहिते. कागदावरचं मासे वाचत नसावेत.

७ जून, शनिवार

मागच्या ऑगस्टात धक्क्यावर बोट धुता धुता एलवूड खाली बसला तो बसलाच. अर्धांगवायूचा झटका. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतो. आणि शब्द गेले. तीन तेवढे उरले: "हो", "नको" आणि "च्यायला". पहिले दोन कधी कधी उलटे पडतात. तिसरा मात्र नेहमी अचूक.

नदीननं हिवाळ्यात चित्रांचे पत्ते आणले होते. सफरचंद दाखवलं, म्हणाला "च्यायला". कप दाखवला, "च्यायला". तिच्या बॉसचा फोटो दाखवला, "च्यायला". तेव्हा तिघंही पोट धरून हसलो. तो सगळ्यांत जास्त.

पण झटका आला त्या दिवसापासून तो धक्क्यावर उतरलेला नाही. आमची बोट 'ओल्गा मे' तिथेच बांधलेली आहे. खिडकीतून दिसते. दिवसभर तिच्याकडे बघतो आणि मी जवळ गेले की नजर दुसरीकडे.

मला काय हवंय? एकच. त्यानं बोटीत बसावं. सुकाणूच्या चाकाशी, त्याच्या खुर्चीत. मासे आले काय, न आले काय! विचारायची सोय नाही. विचारलं तर मासे ऐकतील. आणि खरं सांगायचं तर मासे ऐकत नसते तरी मी विचारलं नसतं. तो नको म्हणाला तर?

१० जून, मंगळवार

दुकानात सिरिल काउंटरवर. मिठाचं पोतं घेतलं. मोठ्यानं म्हटलं, "बेरीला चाललोय आम्ही."

त्यानं पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बेरीला मीठ?"

"यंदा फार आंबट आहेत."

"अच्छा! मग दोरही लागेल की. आंबट बेरी पळतात फार." रांगेतल्या बायका खुदुखुदू हसल्या. पण एकीच्याही तोंडून भलता शब्द निघाला नाही. संध्याकाळी सिरिलची बायको दोन जुन्या बादल्या ठेवून गेली. "तुमच्या बेरीसाठी," म्हणाली आणि डोळा मारला. बादल्यांत बर्फ ठेवायला उत्तम.

माझं गाव फार गोड आहे. रोज वाटत नाही, पण आज वाटलं.

१३ जून, शुक्रवार

पाऊस. इंजिनात तेल घातलं. बेरीसाठी.

१५ जून, रविवार

ओसरीत जाळं पसरून बसले होते. मासे चोरायला आलेल्या सीलनं मधोमध भगदाड पाडलंय. आतापर्यंत हे काम एलवूडचं. मी सुई भरून द्यायची, तो विणायचा. आज मीच विणायला घेतलं. दोन घरं झाली नाहीत तोच काचेवर टकटक! वर बघते तर म्हातारा आतून मान हलवतोय. गाठ चुकली होती. सोडवली, परत घातली. परत टकटक! तिसऱ्यांदा मी काचेला जीभ काढून दाखवली.

मग दार उघडल्याचा आवाज. आला, पाय ओढत, बसला माझ्यासमोर. दोरी दातांत धरली, डाव्या हातानं ताणली आणि भुवई उडवली, हं, घाल आता. तशी गाठ बसली. दुपारभर आम्ही दोघं मिळून एक माणूस होतो. माझ्या पोटात आनंद मावेना.

वन्सं रस्त्यावरून ओरडली, "काय रे, बेरीची जाळी का?"

"हो," एलवूड म्हणाला. अगदी गंभीर तोंड करून!

१९ जून, गुरुवार

नदीनचा फोन. मी काही बोलायच्या आत सुरू, "आई! मी बेरीच्या टोपल्या आणतेय हं! मला बेरी खूप आवडतात! बेरीशिवाय मला दुसरं काही सुचतच नाही!" नाटकात काम करायला हवं होतं कार्टीनं. मग एकदम हळू आवाजात, "आई, बाबा येणार ना?"

मी फोन ठेवून दिला. सांगायला काही असतं तर सांगितलं नसतं का.

२३ जून, सोमवार

'ओल्गा मे' धुतली. चाकापुढच्या खुर्चीवरची त्याची गादी बुरशीनं हिरवी झाली होती. घरी आणली, घासली, शेगडीमागे वाळत घातली. त्याच्या बसण्याचा खळगा तसाच आहे तिच्यात. त्यानं पाहिली. तोंड खिडकीकडे फिरवलं.

बोटीवर माझी जागा त्याच्यामागे, माशाच्या उलट्या खोक्यावर. लग्नापासून तीच. खोक्यावरून त्याची मान दिसायची आणि मानेच्या बाजूनं जेवढा समुद्र दिसेल तेवढा. खाडीत शिरलं की तो जाळ्याकडे, मी बादली घेऊन झुडपात बेरी तोडायला. परत आले की पहिली मूठ कप्तानाला. हा आमच्या बोटीचा नियम. त्याचे हात खवल्यांनी माखलेले असायचे, म्हणून मी त्याच्या तोंडात घालायची. इतक्या उन्हाळ्यांत एकदाही चुकवलं नाही, भांडण झालेलं असलं तरी. भांडण झालेलं असलं की कच्च्या निवडून घालायची.

२८ जून, शनिवार

वेडेपणा केला. त्याचे रबरी बूट पुसून त्याच्या खुर्चीशी ठेवले. नुसते ठेवले. त्यानं बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नको."

उलटा पडलेला शब्द असेल म्हणून मी थांबले. "नको," परत म्हणाला. हळू. आणि बूट पायानं बाजूला सारले.

माशांना धुरी द्यायच्या खोपटात जाऊन रडले. धूर डोळ्यांत गेला म्हणावं तर विस्तव पेटवलेलाच नव्हता.

२९ जून, रविवार

वन्सं आली होती. बूट कोपऱ्यात दिसले तिला. निघताना माझ्या पाठीवर थाप मारली, "बेरी काय, एकट्या बाईलाही तोडता येतात."

एकटीला नाही तोडायच्या मला, वन्सं!

४ जुलै, शुक्रवार

नदीन आली. आज पाणी छान आहे, आजच निघू म्हणते! शुक्रवारी? शुक्रवारी कोणी बेरीलासुद्धा निघत नाही.

सगळं बोटीवर चढवून ठेवलंय. मीठ, बर्फ, जाळं, सुऱ्या, भाकरी, बटाटे, चहा. गादी खुर्चीवर. मी चालवीन, उभ्यानं. त्या गादीवर कोणी बसायचं नाही, असं नदीनला बजावलंय. वन्सं एलवूडच्या सोबतीला दोन दिवस इथे राहील. त्याला तसं सांगितलं. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

५ जुलै, शनिवार. मामांची खाडी

बोटीच्या टेबलावर लिहितेय. नांगर टाकलाय. नदीन बटाटे भाजतेय.

सकाळी भरतीला निघायचं होतं. भरतीला धक्क्याची उतरण सपाट असते, सामान न्यायला बरं. मी शेवटची पिशवी घ्यायला घरात गेले, तर दारात एलवूड! अंगात जाड कोट. पायांत ते बूट, डावा उजव्यात, उजवा डाव्यात. गळ्यात दोरी, दोरीला सिरिलच्या बायकोची बादली. वन्सं मागे उभी, डोळे पुसतेय आणि बोलतेय मात्र भलतंच, "घेऊन जा बाई ह्याला, माझी कॉफी पितो सगळी."

मी म्हटलं, "कुठे निघालास?"

त्यानं बादली वाजवून दाखवली.

खाली बसून त्याचे बूट बदलले. उतरणीवर त्याला मी धरलं की त्यानं मला धरलं, देव जाणे. बोटीच्या काठाशी तो थांबला. किती वेळ थांबला! नदीननं हात पुढे केला. "च्यायला," म्हणाला आणि आला आत.

मी चाकापासून बाजूला झाले. गादीवर हात फिरवला, बस, या अर्थानं. तो माझ्याजवळून सरळ पुढे गेला आणि मागच्या खोक्यावर बसला. माझ्या खोक्यावर! बादली मांडीवर.

आम्ही वाट पाहिली. त्यानंही पाहिली. शेवटी त्यानं हनुवटीनं गादीकडे खूण केली, मग माझ्याकडे. नदीन पुटपुटली, "आई, बस ना."

बसले. त्याच्या खळग्यात मी मावत नाही, इकडे तिकडे घसरते.

खाडीचं तोंड चिंचोळं, डावीकडे बुडालेला खडक. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थबकतं तेवढ्यातच शिरायचं. मला वाटलं, इथे तरी उठेल. मान वळवून पाहिलं. बसला होता आरामात, पाणी बघत. एकदाही बोट दाखवलं नाही. खडक कुठे आहे हे मला ठाऊक होतंच. इतकी वर्षं त्याच्या मानेशेजारून मी त्या खडकाशिवाय पाहिलं काय! बोट शिरली. नदीननं टाळ्या वाजवल्या.

मग मला रागच आला. इतका की चहाही दिला नाही त्याला. मी काय कप्तान व्हायला हे बेरीचं नाटक केलं होतं? मला तो हवा होता तिथे. हा तर पाहुण्यासारखा आलाय. असा आलास तो कशाला आलास, असं विचारणार होते. विचारलं नाही. बटाटे करपलेत.

६ जुलै, रविवार

सकाळी जाळं टाकलं. नदीन छोट्या होडीतून दोर फिरवून आणायला, मी काठाला. आले! उड्या मारत आले, पाणी लाल-चंदेरी झालं. किती ते मोजलं नाही, नदीननंही नाही. पुरेसे.

एलवूड पहाटेच बादली घेऊन वर झुडपात गेला होता. तिथे ते चार पायांचे केसाळ आजोबा बेरी हुंगत फिरतात, ज्यांचं नाव आपण घेत नाही. माझा जीव टांगणीला. पण दर थोड्या वेळानं वरून "च्यायला!" ऐकू यायचं, म्हणजे ठीक आहे. आजोबांशी अशा भाषेत बोलला हे वन्संला सांगायचं नाही.

उन्हं वर आल्यावर उतरला. गालावर ओरखडे, कोट फाटलेला, बादली काठोकाठ. डाव्या एका हातानं! काठाशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझे हात कोपरापर्यंत खवल्यांनी माखलेले. त्यानं बादलीतून पहिली मूठ घेतली आणि माझ्या तोंडाशी धरली.

सगळ्या पिकलेल्या होत्या.