नाव न घेता वाढलेलं पान

२० सप्टेंबर २००३, शनिवार

लिही शकीला, पहिल्याच ओळीत लिही की मालनबाई पोहोचली. एकटी पोहोचली. हे परत गेल्यावर कुणाकडून तरी भागुबाईला वाचून दाखवायला लावायचं आहे. भागुबाई माझी धाकटी जाऊ. तिचं म्हणणं होतं की मी मुंबईच्या विमानतळावरच चुकेन आणि सिन्नरच्या एसटीत बसून घरी येईन.

जावयांनी, ज्ञानेशरावांनी, तिकिटाबरोबर माझ्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. ज्या बाईला पाटी वाचता येत नाही तिने पाय दुखण्याचं सोंग करायचं, म्हणजे एक माणूस ढकलत थेट विमानाच्या दारापाशी नेतो. मखमलाबादच्या मळ्यातून पंचवटीच्या बाजारापर्यंत झेंडूच्या पाट्या डोक्यावर वाहिलेले पाय हे. लाज वाटली त्यांची. ढकलणाऱ्याला म्हटलं, बाबा, दमलास तर सांग, तू बस, मी ढकलते. तो हसून हसून लाल झाला. इकडे उतरल्यावर एका गोऱ्या शिपायाने डिंकाचे लाडू हुंगून पाहिले. मी एक पुढे केला. घेतला नाही मेल्याने.

मंजुषाचं पोट बघून डोळे भरले, पण रडले नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण, त्यासाठीच तर समुद्र ओलांडला. या गावाला लेस्टर म्हणतात. घरं एकमेकांना खेटून, एकाच्या भिंतीत दुसऱ्याचा खिळा. त्या भिंतीपलीकडे कोण निघावं, तर आपल्या नाशकातली, भद्रकालीतली शकीला! नवरा फारुख टॅक्सी चालवतो. शकीला नगरपालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मी म्हटलं, रोज दुपारी ये आणि मी बोलते ते लिही. मात्र ती माझं बोलणं धुऊन लिहिते. मी ‘लय’ म्हटलं की ही ‘खूप’ करते. राहू दे ग एखादा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

घर छान आहे. पायाखाली गालिचा, नळाला गरम पाणी, मागे पाटाएवढी हिरवळ आणि तिला लाकडी कुंपण. लेक-जावयांनी तीन महिन्यांपूर्वीच भाड्याने घेतलं. गल्लीत माणूस दिसत नाही. गंगापूर रोडला बंगलेवाल्यांकडेही दुपारी एवढा शुकशुकाट नसतो, निदान भंगारवाला तरी ओरडतो. मी खिडकीत बसून मेथी निवडते आणि ज्या एखाद्या गोऱ्या म्हाताऱ्याकडे बघून हसावं, तो घाबरून पलीकडच्या बाजूने जातो.

पितरांचा पंधरवडा चालू आहे. भागुबाई म्हणाली होती, पितृपक्षात कोणी समुद्र ओलांडतं का? मी म्हटलं, पोटातल्या पोराला पंचांग कळत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार, सर्वपित्री अमावस्या

आज साग्रसंगीत स्वयंपाक केला. खीर, कढी, उडदाचे वडे, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. गवार शकीलाने आणली, गुजरात्याच्या दुकानातून. केळीचं पान नाही, म्हणून कागदी ताटली घेतली.

आमच्याकडची रीत अशी. पान गच्चीवर ठेवायचं. भागुबाईचा महेश एकेकाचं नाव घेऊन हाक मारतो, आणि कावळा शिवला की त्याच नावाने निरोप देतो: जेवलात, आता निघा. नावं पुरुषांनीच घ्यायची. मी मालकांचं नाव तोंडाने घेत नाही, ते गेले तरी नाही. घरात पुरुष नसला तर बाईने काय म्हणायचं ते सासूबाईंनी शिकवलेलं: या घरातून जे कोणी गेलं असेल त्याने यावं, पोटभर जेवावं.

ज्ञानेशराव कामावर. म्हणून मी हिरवळीवर पान ठेवलं आणि तेच म्हटलं. कावळा काही आला नाही. कबुतरंसुद्धा कुंपणावरून उडून गेली. मी पाणी आणायला आत वळले, दार लावलं. तांब्या भरून मागे वळते तर ताटली दाराच्या आत, पायपुसण्यावर. चाटून पुसून स्वच्छ. दार लावलेलंच.

मंजुषा म्हणाली, मांजर असेल. बरं, असेल. इथली मांजरं कड्या काढत असतील, विलायत आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

काल भाजी अळणी लागली म्हणून मीठ घातलं. तरी अळणी. आणखी घातलं. ज्ञानेशराव सज्जन माणूस, तांब्याभर पाण्याबरोबर गिळत होते. मंजुषाने घास थुंकला आणि म्हणाली, आई, समुद्र ओलांडलास तो सगळा भाजीत ओतलास का? मी चिमूटभर मीठ नुसतं जिभेवर ठेवलं. माती.

शकीलाला सहज विचारलं, आधी इथे कोण राहायचं. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, एक गोरी म्हातारी. एकटी. मागच्या थंडीत गेली. पडदे उघडत नाहीत हे फारुखच्या लक्षात आलं, तोवर बरेच दिवस झाले होते. घरात अन्नाचा कण नव्हता म्हणे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मखमलाबादला ‘या घरातून जे गेलं’ म्हटलं की येणारे सगळे माझेच. सासरे, चुलतसासरे, मालक. हे घर माझं कुठे होतं?

मग म्हटलं, नाव सांग तिचं, निरोप देऊन टाकते. शकीलाचा चेहरा उतरला. सात वर्षं भिंतीला भिंत, रोज हॅलो, पण नाव विचारलं नाही. नाशकात ग, गल्लीतल्या कुत्र्यालाही नाव असतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

मुलगी झाली. दोघी सुखरूप. मंजुषाचं नाक, आणि कपाळ माझ्या मालकांचं. नर्सबाईने माझ्या हातात दिली. मी टाळू हुंगली, सगळ्या आज्या हुंगतात तशी.

वास नव्हता. तेलाचा नाही, दुधाचा नाही. दवाखान्याच्या औषधांचासुद्धा नाही. मी हसले, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

२ ऑक्टोबर, गुरुवार

शकीला गल्लीभर फिरली. एक जण म्हणतो डोरा. दुसरी म्हणते डॉली. तिसरी म्हणते, असं काही नव्हतं. घरमालकाने घर नंतर घेतलं, त्याला काहीच ठाऊक नाही. मी हिरवळीवर उभी राहून दोन्ही नावांनी निरोप दिला. जेवलीस, आता नीघ. काही हललं नाही. खोट्या नावाने कोण जाईल?

पोरीला तेल लावते. पाय ओढते, पाठ चोळते. हात चालतात, वर्षानुवर्षांची सवय. पण हाताखाली काही लागत नाही. ऊन नाही, गार नाही, मऊ नाही. फुलं मोजताना न बघता कळी आणि उमललेलं वेगळं करणारी बोटं ही. आता लाकडाची झाली आहेत.

मंजुषाला सांगितलं. ती म्हणाली, प्रवासाचा शीण आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

पोरीला पाणी घालायला बसले. कोपर बुडवून पाहिलं, ठीक वाटलं. म्हणजे काहीच वाटलं नाही, आणि मी त्याला ठीक म्हटलं. पहिल्याच तांब्याला पोर किंचाळली. मंजुषा धावत आली. डावं पाऊल, बोटं लाल झालेली. फोड आला नाही. आला नाही एवढंच.

डॉक्टरने माझ्या बोटांना सुया टोचल्या, मी दुसरीकडे बघत बसले. तो म्हणाला, वय, साखर, नसा. गोळ्या दिल्या. मंजुषा वाटेत बाळाला उराशी धरून बसली. मी म्हटलं, बाळाला माझ्या हातात देऊ नकोस. ती म्हणाली, बरं. माझ्याकडे बघितलं नाही.

रडायला हवं होतं मला.

६ ऑक्टोबर, सोमवार

दुपारभर इथे शकीलाकडे होते. आता लिहिणं इकडेच करतो, त्या घरात बोलावंसं वाटत नाही.

संध्याकाळी घरी जाऊन आले, तर मंजुषा खूश. म्हणाली, आई, आज आमटीत मीठ अगदी नेमकं. ज्ञानेशरावांनी दोनदा वाढून घेतली. स्वयंपाकघरात फोडणी अजून तडतडत होती.

मी स्वयंपाक केला नव्हता.

शकीला, तू साक्षी आहेस ना? तुझ्यासमोर बसून चहा घेत होते. तसंच लिही.

८ ऑक्टोबर, बुधवार

मंजुषाने माझा हात धरला आणि माफी मागितली. म्हणाली, सकाळी तू बाळाला चोळलंस, किती ऊब होती ग तुझ्या हातांना, बाळ लगेच झोपलं. मी म्हटलं, मी नव्हते. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू — नको. सांगितलं नाही पुढे. ओली बाळंतीण आहे.

माझी जीभ त्या म्हातारीला मिळाली. नाक मिळालं. हात मिळाले. उपाशी होती, मीच म्हटलं पोटभर जेव. ती जेवते आहे.

भीती वाटायला हवी. शोधली मी. ती पण गेली बहुतेक.

परवा बारसं. इथे आत्या नाही, म्हणून बाळाच्या कानात नाव मी सांगायचं ठरलंय. गोदा. आपल्या गंगेचं नाव. ज्ञानेशरावांना जुनाट वाटलं, पण मानलं.

आणि घसा बसलाय कालपासून.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आवाज फुटत नाही. शकीला कान माझ्या तोंडाशी आणते आणि लिहिते.

तिला सगळं सांगितलं. जीभ, नाक, हात — आता आवाज. उद्या माझ्या आवाजाने पाळण्याशी कोण वाकेल? कानात कोणतं नाव — कानात पहिलं पडेल ते नाव लागतं. एकदा लागलं की —

शकीलाला म्हटलं, आत्या तू हो. नाव तू सांग. ती म्हणाली, मावशी, लोक काय म्हणतील, मी मुसलमान. मी म्हटलं, नाशिकची आहेस. बास. ती रडली. आम्हा दोघींच्या वाटणीचं रडली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पाहुणे संध्याकाळी. शकीला नवी साडी नेसलीय. मी म्हटलं छान दिसतेस — तिला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं.

मंजुषाला बजावलंय. मी शकीलाकडे जाऊन बसते, तोवर पाळण्याजवळ कुणाला येऊ देऊ नकोस. मला सुद्धा. ती हो म्हणाली. हो म्हणताना मोबाईलवर बोलत होती.

शकीला, नाव घोक. गोदा. गोदा.

थांब — कुंपणाशी ज्ञानेशराव. काय म्हणतात ते लिही. हसत म्हणतात, सासूबाई, पाहुणे यायच्या आत आटोपलंत? आणि एवढ्यात इकडे कधी आलात, आत्ता तर पाळण्याशी होतात. घसाही मोकळा झाला तुमचा. मंजुषा रुसलीय, गोदा ठरलं असताना आईने भलतंच इंग्रजी नाव कानात सांगितलं म्हणून. पण बाळाला आवडलं. त्या नावाने हाक मारली की मान वळवतं. हुंकार देतं.

नाव सांगितलं त्यांनी. लिहू नकोस. लिहिलंस? खोड.

मिळालं ग. गल्लीभर शोधलं ते — खरं नाव. आता हिरवळीवर जायचं, हाक मारायची, जेवलीस, आता नीघ —

नको. धर मला. हात धर, मला कळत नाही धरलास का. त्या नावाच्या आता दोन आहेत शकीला. एक जेवलेली, एक बारा दिवसांची. मी नीघ म्हटलं तर दोघींतली कोण नि—