कु. पाटणकर आणि सौ. मोहरील

अमरावती, ९ जुलै १९६२

सकाळपासून अकोल्याचं घर डोळ्यांपुढे. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला, हे शेजारी बसून मी सांगेन ते आकडे लिहीत. मध्येच म्हणाले, "उमा, चहा निवतोय." मी ढिम्म. उमा म्हणजे मी, हे अजून अंगवळणी पडलं नव्हतं. मग हळूच, "कमल." चटकन मान वळली. किती हसलो!

आठवायला कारण झालं. वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज केलाय. प्रिन्सिपॉलांनी माझ्या शोधनिबंधांची यादी पुढे सरकवली. पहिले तीन कु. कमल पाटणकरच्या नावावर, पुढचे सगळे सौ. उमा मोहरीलच्या. लग्नात नाव बदललं, म्हणून सांगितलं.

"मला पटलं हो. समितीला पटायला हवं. त्या पाटणकरबाईंचं ना-हरकत पत्र जोडा."

"त्या बाई मीच आहे."

"म्हणूनच म्हणतो, पत्र मिळायला अडचण नाही."

१२ जुलै

ते तीन वगळले तर जागा ढोक्यांना. ढोके माझाच विद्यार्थी. भला माणूस, पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतली रंगसूत्रं त्याला कधी नीट दिसली नाहीत. आता मोतीबिंदूपायी मलाही नाही दिसत, म्हणजे त्या बाबतीत आम्ही सारखेच.

कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणत, राग आला तर आधी हातातली शिवण संपव. दोन अभ्रे झाले. राग आहे तिथेच.

अकोला, २० जुलै

लग्न इथलं, म्हणून दोन्ही नावं माझीच असं प्रतिज्ञापत्रही इथेच. साक्षीला धाकटे दीर. वाटभर कुरकुर. "वहिनी, नाव आम्ही हौसेनं ठेवलं. आता जुनं काहून उकरून काढता?"

कचेरीपुढच्या झाडाखाली रहीमभाई अर्जनवीस. सगळं ऐकून घेतलं, टाक कानामागे खोचला.

"म्हंजे या दोघी एकच हायेत?"

"हो."

"मंग भांडन कोनाशी हाये, बाई?"

मग कानामागचा टाक काढत म्हणाले, "एका वावराचे दोन तुकडे कराचे कागद लय लिवले. दोन बायांची एक कराले आजवर कोनी आलं नाई."

दीरसुद्धा हसले. कागद पर्समध्ये. उद्या परत.

अमरावती, २ ऑगस्ट

मंदा तायडे धावत आली. माझी संशोधन करणारी विद्यार्थिनी, अकोल्याच्या जुन्या शहरातली. हातात ग्रंथालयात नुकतंच आलेलं कापसावरचं परदेशी पुस्तक. "बाई, तुमचं नाव पुस्तकात हाये!"

तिनंच वाचून दाखवलं. गावरान आणि रानकापसाच्या वांझ संकरात एक रंगसूत्र जोडीविना राहतं, हे प्रथम पाटणकर यांनी दाखवलं. (पाटणकर तिथे पुरुष आहे.) पुढे मोहरील यांनी स्वतंत्रपणे पडताळलं, म्हणून निष्कर्ष निःशंक मानावा.

पुन्हा वाचायला लावलं.

लग्नानंतरच्या निबंधात मी "मला पूर्वी आढळलं" असंच लिहिलं होतं. संपादकांनी रीतीप्रमाणे तिथे "पाटणकर" घातलं. आणि हा ग्रंथकार त्यावर विसंबला! म्हणजे एवढ्या जगात ते रंगसूत्र पाहिलेली एकटी मीच. माझ्या म्हणण्याला दुजोरा माझाच.

मंदा खुशीत. "आता तं जागा पक्की ना, बाई?"

५ ऑगस्ट

प्रतिज्ञापत्र दिलं तर निबंध माझे, पण निष्कर्षाचा साक्षीदार गेला. नाही दिलं तर जागा गेली, आणि पुस्तकात खोटं राहिलं. कुठूनही मीच उणी. आयुष्यभराचं काम, आणि उरलं काय, तर हे.

आज हे असते तर…

मंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रंगसूत्रं मी मोजतो ना, बाई. असन तं दिसनच."

"आणि नाही दिसलं तर?"

"तं तसं लिवीन." दारातून वळली. "मले तुमचे आकडे नोका सांगू."

पोरीचा राग आला नाही.

१४ ऑगस्ट

ग्रंथकाराला पत्र टाकलं: पाटणकर व मोहरील एकच, आणि तो पुरुष नाही. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात. मी तेव्हा नागपूरला, मोतीबिंदू काढून डोळे बांधून पडलेली. तेव्हा मागे असं व्हावं:

प्रतिज्ञापत्र प्रिं.ना. सोबत ग्रंथकाराला लिहिलेल्या पत्राची नक्कलही. एक ठेवून दुसरं द्यायचं नाही.

यांची काश्मिरी शाल परतवाड्याला ताईकडे. तिला थंडी फार.

गावरान आणि रानकापसाचं बी, सगळंच, मंदाला. पेरणी तिनं स्वतः करावी.

माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या आणि आकड्यांच्या वह्या कुलपात. मंदाचा निबंध छापून येईपर्यंत तिला देऊ नयेत, रडून मागितल्या तरी. किल्ली ढोक्यांकडे. ते उघडून बघणार नाहीत, एवढी खात्री आहे.