त्या हाकेचं इंग्रजी

१२ ऑगस्ट १९९१
समन्स आलं. आरोपी क्र. १ माझी विद्यार्थिनी चंदा, आरोपी क्र. २ मी. कलम २९२, अश्लील मजकूर. गुन्हा काय, तर कॉलेजच्या वार्षिक अंकातली दीड पानाची कथा. लिहिली चंदाने, संपादक मी. दरवर्षी टी.वाय.च्या वर्गात अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घसा कोरडा करते, आणि आज बेलिफासमोर सही भलत्याच रकान्यात केली. धन्य.

कथेत ठाण्याजवळच्या कोलशेतची एक कोळीण लग्नाच्या सकाळी मुलीचे केस विंचरते आणि म्हणते, "रांडे, तू गेलीस त मना कोन हाय गो?" एवढंच. तक्रारदार म्हणतात, आईने मुलीला वेश्या म्हटलं, मातृत्वाला काळिमा. या माणसाने कथा वाचली की नुसता तो शब्द वाचला, देव जाणे.

१४ ऑगस्ट
अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कथा वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. ठाणे कोर्टात चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस, पण घरात "च्यायला"सुद्धा चालत नाही. म्हणाले, "सुमा, हा शब्द गाळला असता तर काय बिघडलं असतं?"
मी म्हटलं, "कथा."
जेवताना ताक ओतता ओतता म्हणाले, "वकीलपत्र मीच घेतो. तुझं आणि तिचं, दोघींचं." रडू आलं. त्यांना दिसू दिलं नाही.

२० ऑगस्ट
चंदा आली डोंबिवलीला आमच्या घरी, पहिल्यांदाच. अण्णांसमोर पदर नसताना पदर सावरल्यासारखी बसली. अण्णांनी विचारलं, वाक्य कल्पित आहे का?
"नाय सर. आईचंच आहे. ताईच्या लग्नातलं. मला पण तसंच बोलवते, रोज."
आईला केसचं माहीत नाही. माजिवड्याला मासळी घेऊन बसते, पेपर वाचत नाही. "तिला कळता कामा नये मॅडम. तिला वाटेल तिचं तोंडच घाण आहे."
दुसरं असं, एका शाळेत चं.ला क्लार्कची जागा मिळतेय. शाळा म्हणते, आधी केस मिटवा. आणि तक्रारदाराचा वकील म्हणतो, लेखी माफी द्या, तक्रार मागे घेतो. माफीचा मजकूर त्याने टाईप करूनही दिलाय, "माझ्या हातून घाणेरडा शब्द लिहिला गेला" वगैरे. चं.ने तो पर्समध्ये ठेवलाय. सही केलेली नाही. फेकलाही नाही.

तिने सही केली तर मी तिला कुठल्या तोंडाने अडवणार? माझी नोकरी पक्की आहे. प्राचार्य फार तर चहा पाजायचे बंद होतील.

९ सप्टें.
केस रद्द करायला हायकोर्टात अर्ज. तिथे मराठी चालत नाही, कथेचं इंग्रजी भाषांतर लागतं. सरकारी भाषांतर आज आलं. "रांडे"ला "होर", म्हणजे वेश्या. सरळ होर! कोलशेतची आई लेकीचा भांग पाडत तिला होर म्हणतेय. अण्णा म्हणाले, "आता मात्र खरंच अश्लील झालं."
तेव्हा आपलं वेगळं भाषांतर जोडायचं. करणार कोण? इंग्रजीच्या बाई. बस आता बाई.

१५ सप्टें.
आठवडा गेला एका शब्दावर.
अण्णा, "इंग्रज आया मुलींना लाडाने काय म्हणतात?"
"डार्लिंग."
"ते तर नवरेही म्हणतात. शिवी पाहिजे. शिवीच, पण आईची."
"हसी", म्हणजे उनाड पोरगी? खोटं वाटतं. विच? ती चेटकीण. जुन्या इंग्रजी नाटकांत बायका लाडाने "रेच" म्हणतात, ते जवळचं. अण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले, "सुंदर. पण न्यायमूर्ती आजचे आहेत, त्यांना आजचाच अर्थ, दुर्दैवी बाई, वाटेल."
इतकी वर्षं या भाषेचं खाल्लं आणि तिच्याकडे मला हवा तो एक शब्द नाही. राग आला. भाषेचा की माझा, कळेना.

२२ सप्टें.
शेवटी शब्द तसाच ठेवला, रोमन लिपीत, खाली तळटीप. माझी तळटीप पानभर. अण्णांनी उभी कापली. "दोन ओळींच्या वर गेली की कोणी वाचत नाही." उरलं ते असं की, हा शब्द परक्याने उच्चारला तर शिवी, आईने लेकीला उच्चारला तर माया, इथे आई बोलते आहे.
माझ्या पानापेक्षा बरं आहे. त्यांना सांगितलं नाही, फुगतील.

६ ऑक्टो.
आईला कळलं. मासळी बाजारात कोणीतरी सांगितलं, तुझ्या बोलण्यापायी पोर कोर्टात गेली.
चं. संध्याकाळी आली, चहा घेईना. मग म्हणाली, "मॅडम, आई मला चंदा म्हणते."
मला क्षणभर कळलंच नाही यात वाईट काय.
"चंदा, जेवतेस का. चंदा, दार लाव. मॅडम, ती मला नावाने बोलवतच नव्हती कधी. शेजारच्या पोरीशी बोलल्यासारखी बोलते." आणि हुंदके.
अण्णा उठून गॅलरीत गेले. चं. गेल्यावर आपणहून बोलले. कोकणातली त्यांची आई, माझी आजी, त्यांना "मेल्या" म्हणायची. सनद मिळून घरी गेले तर पायऱ्यांवरूनच म्हणाली, "या वकील." "पुढे मरेपर्यंत या-बसाच. मी कधी म्हटलं नाही, आई, मेल्या म्हण." बोलता बोलता खुंटीवरच्या, सनदेच्या वेळच्या काळ्या कोटाची बाही पुसत होते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्यात तसली पद्धत नाही, पण ठेवला.

१३ ऑक्टो.
चं. आईला घेऊन आली. आई दारातच चपला काढून उभी, हातात बोंबलांची पिशवी, आमच्या शाकाहारी दारात. अण्णांनी स्वतः पिशवी घेतली आणि "या, बसा" म्हणाले. ती खुर्चीच्या कडेला बसली.
म्हणाली, "वकील, चूक माजी हाय. मीच सांगते कोर्टात. पोरीची नोकरी जाया नको."
अण्णा म्हणाले, "बाई, चूक कुणाचीच नाही. तेच तर लिहिलंय." आणि तळटीप आणून मला दिली. मी इंग्रजी वाचली, मग मराठीत सांगितली. आईने लक्ष देऊन ऐकलं, एकदा परत सांगायला लावलं.
"बराबर हाय," म्हणाली. "समदं बराबर लिवलंय."
चं. तिच्याकडे बघत होती. मी आयुष्यात कुणाला इतकी वाट बघताना पाहिलेलं नाही.
आईने तिच्या केसांवरून हात फिरवला, तोंड उघडलं, आणि थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पन आता जीभ वलत नाय, बाई."

हायकोर्टाची तारीख दिवाळीनंतर. शाळेला उत्तर सोमवारी द्यायचंय. चं.ने जाताना माफीचा कागद पर्समधून काढला, अण्णांकडे पेन मागितलं. अण्णांनी दिलं. तिने कागद गुडघ्यावर ठेवला, आईकडे पाहिलं, सही न करताच टोपण परत लावलं, कागद पर्समध्ये टाकला. पेन मात्र घेऊन गेली.