मांडीवरच्या लेकरांची फाइल

प्रिय लितियाना,

पाकीट उघडतानाच हसत असशील, तर थांब. या पत्रात मी तुझी स्तुती करणार आहे, आणि ती करताना माझे दात किती आवळलेले आहेत, हे तुला ब्रिस्बेनहून दिसायचं नाही.

कादावू बेटाला जाणाऱ्या बोटीचं आत्याने फोनवर रडत रडत सांगितलंच असेल. पण तिला अर्धंच ठाऊक आहे. आपल्या बोट कंपनीने नवी बोट घेतली, म्हणून डेटाबेसमध्ये केबिनची नवी टेबलं आली आणि त्या टेबलांवर चालणारे प्रोग्रॅमचे सगळे तुकडे, म्हणजे क्लास, पुन्हा तयार करून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आपलं ते टूल टेबलं वाचून क्लास आपोआप लिहून देतं आणि त्या फाइलीत आपण हाताने काही घातलं असेल, तर पुढच्या वेळी खुशाल पुसून टाकतं. तू इथे होतीस तेव्हा माझी मेहनत अशीच पुसली गेली, आणि तू पोट धरून हसली होतीस. "अगं वेडे, भाड्याच्या घराच्या भिंतीवर कोणी नक्षी काढतं का? शेजारी आपली खोली बांध!" मग त्याच क्लासचा दुसरा भाग वेगळ्या फाइलीत लिहून दाखवलास. टूल तिला हात लावत नाही. मामेबहिणीला टोमणे मारायचा तुला हक्कच आहे, पण तो टोमणा अजून टोचतो, कारण तो बरोबर होता.

प्रवाशाच्या क्लासशेजारी तुझी फाइल तशीच होती. मांडीवरचं मूल, तिकीट नसलं तरी, नावानिशी यादीत आलंच पाहिजे, एवढंच तिच्यात. "तान्ह्या पोरांची कसली आलीय यादी?" म्हणून आपेनिसा साहेब वैतागले होते, आणि तू त्यांच्याशी भांडली होतीस. नव्या टेबलात एका रकान्याचं नाव बदललं, तशी तुझी फाइल अडून बसली. ती मी दुरुस्त केली. हे कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

मग कादावूच्या वाटेवर भर समुद्रात बोटीचं इंजिन बंद पडलं, तळात पाणी शिरलं. मदतीला आलेल्या बोटीवर माणसं चढवली आणि कप्तानाने यादी वाचायला घेतली. 'माकेरेता, मांडीवरचं मूल' म्हटलं, तर कोणी ओ देईना. उलट्यांनी ग्लानी आलेल्या आईला वाटत होतं, पोर मावशीकडे आहे. मावशीला वाटत होतं, आईकडे. खलाशी पाणी शिरलेल्या बोटीवर परत गेले. पोर केबिनमध्ये, बॅगांच्या आडोशाला, गाढ झोपलं होतं.

ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तुझ्या नावाने! साहेबांचे डोळे पाणावले, "लितियानाने वाचवलं हो." घरी आई म्हणाली, "बघ, ती ब्रिस्बेनला बसून लेकरं वाचवते आणि तुझ्याने इथे वेळेवर दालोचे कंदसुद्धा उकडवत नाहीत!" चर्चच्या गायनातही एकटीने म्हणायची ओळ नेहमी तुझीच, आणि मी मागच्या रांगेत तोंड हलवणारी. मी जळते गं. त्या पोरीला तिच्या आईने छातीशी धरलेला फोटो बघून मी रडले, आणि रडता रडतासुद्धा जळत होते.

आता मुद्द्याचं. साहेब निवृत्त होतायत. त्यांच्या जागेसाठी अर्ज एकटीचाच आहे, माझा. "तुझीच समज," असं वरच्यांनी हसून सांगितलंय. पण घास गोड लागेना. तू नव्हतीस म्हणून मला मिळाली, असं आई म्हणेल, ऑफिस म्हणेल, आणि त्या सगळ्यांच्या आधी मी म्हणेन. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. अर्ज कर. समोर ये आणि मला हरवून दाखव. जिंकले, तर तुझ्या देखत जिंकायचंय मला. आणि हरले, तर निदान शिव्या घालायला तू शेजारच्या खुर्चीत असशील. तू गेल्यापासून ती खुर्ची मी कोणालाच दिलेली नाही.

तुझ्यावर जळणारी, तरीही तुझीच,
वासिती